पोटातलं कापड

व्रण छातीच्या हाडाच्या टोकाखाली सुरू होत होता. ओळंबा लावून आखल्यासारखा सरळ खाली यायचा, बेंबीपाशी पोहोचल्यावर थोडासा डावीकडे वळून तिला वळसा घालायचा आणि पुन्हा सरळ होऊन पांढऱ्या पायजम्यात नाहीसा व्हायचा. जुना होता. कडा पांढुरक्या आणि सपाट, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या बारीक खुणा.

नर्स छातीवर तारा चिकटवण्यासाठी नानांच्या बंडीची बटणं काढत होती आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मी बघते आहे हे लक्षात येताच नानांनी चादर गळ्यापर्यंत ओढली.

"मॅडम," ते म्हणाले, "इथं बाहेर चहा बरा मिळतो म्हणे."

नाना म्हणजे माझे सासरे, तुळशीराम. येवल्यात पैठणी विणायचे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे म्हणून ते मला मॅडम म्हणत. त्यात थोडी थट्टा असे आणि थोडा अभिमानही. मी बाहेर आले, पण चहाला गेले नाही.

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी नानांना बंडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. न्हाणीतून ते बंडी घालूनच बाहेर येत. मे महिन्यात मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, घामानं पाठ भिजून जायची, तरी बंडी अंगावरच. घरात सून वावरते म्हणून ते असं राहतात, असं मी धरून चालले होते आणि मला त्याचं बरंही वाटायचं. आमच्या लग्नाआधी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पण हर्नियाचा व्रण जांघेजवळ असतो, तिरका, वीतभरसुद्धा नाही. मी आत्ता बघितला तो व्रण सगळं पोट उघडून आत उतरलेल्या माणसाचा होता.

नानांना नाशिकला आणलं ते रक्ताच्या उलटीमुळे. त्याआधी काही आठवडे त्यांना संध्याकाळी कणकण यायची, जेवण जात नव्हतं, बंडी खांद्यावर लोंबायला लागली होती. शौचाला काळं होत होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मग आदल्या दिवशी सकाळी मागावर बसल्या बसल्या त्यांना मळमळलं. सासूबाईंनी पितळी घमेलं पुढे केलं, आणि ते रक्तानं भरलं.

हॉस्पिटलात तोंडातून दुर्बीण घालून तपासलं तेव्हा जठरात एक लहानसा व्रण, अल्सर, सापडला. गुडघ्यांसाठी नाना वर्षानुवर्षं दुखणं थांबवायच्या गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांनी असं होतं. कारण सापडलं, रक्त चढवलं, रक्तस्राव आपोआप थांबला. तरुण डॉक्टर म्हणाले, आज ठेवू आणि उद्या सोडू. माझा नवरा हेमंत सगळ्या नातेवाइकांना फोनवर तेच सांगत सुटला होता. आणि नाना तर सकाळपासून घरी जायला तयारच होते.

सासूबाई व्हरांड्यातल्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, "आई, नानांचं आधीचं ऑपरेशन कसलं होतं?"

"हर्नियाचं."

उत्तर फार लगेच आलं होतं. मी म्हटलं, मी व्रण पाहिला.

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. "सुनेनं सासऱ्याचं पोट बघायचं असतं का?"

"नर्सनं बटणं काढली. मी तिथे होते."

मी वर्गात बोलते तसं, एकेक गोष्ट सुटी करून सांगितलं. रक्त जर त्या लहानशा व्रणातून आलं असेल तर काळजी नाही, उद्या घरी जाऊ. पण पोटात आधी काही मोठं केलेलं असेल, तर रक्त तिथूनही आलेलं असू शकतं. मग ते पुन्हा येईल, आणि येवल्याहून नाशिकला पोहोचेपर्यंत थांबणार नाही. डॉक्टरांना हे माहीत नाही. माहीत नसलेल्या गोष्टीवर ते उपचार करू शकत नाहीत.

"त्यांनी शपथ घातलीय मला," त्या म्हणाल्या.

"कुणाची?"

"त्यांची स्वतःचीच."

"मग ते राहिले तर शपथ राहील ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फाजीलपणा करते आहे की काय, हे त्या पारखत असाव्यात. मग त्यांनी डबा बाकावर ठेवला आणि सांगायला लागल्या.

हेमंत तेव्हा ओमानला नोकरीला होता. नानांच्या पोटात ठोके पडल्यासारखे जाणवायला लागले म्हणून त्यांची बहीण त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. फुटली असती तर तिथल्या तिथे संपलं असतं. डॉक्टरांनी पोट उघडून तेवढ्या भागात कापडाची नळी शिवली. पुढचे काही महिने नाना बहिणीकडेच पडून होते.

त्याच वेळी येवल्यात मागावर एका लग्नाची पैठणी चढलेली होती. रेशीम आणि जर शेठचं. शेठ माणूस वाईट नव्हता, पण धंद्याचा होता. पैठणीला महिनोन् महिने लागतात. ज्याच्या पोटातली मुख्य नळीच कापडाची आहे, अशा माणसाच्या हाती लग्नाच्या तारखेचं काम कोण देईल? म्हणून दोघांनी ठरवलं की हर्निया म्हणायचं. विणकराला हर्निया होतो, कुणाला त्याचं नवल वाटत नाही, कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. शेठला तेच सांगितलं, मग शेजाऱ्यांना, मग चुलत घरांना. ओमानला मुलाला फोनवर तेच सांगितलं, त्याच्या जिवाला घोर नको म्हणून. पुण्याचे कागद बंबात गेले.

"आणि काल इथं विचारलं तेव्हा?" मी म्हटलं. दाखल करताना आधीची ऑपरेशनं विचारली होती. मी शेजारीच उभी होते.

"हर्नियाच निघालं तोंडातून," सासूबाई म्हणाल्या. "खोटं बोलायचं म्हणून नाही गं. मलाच ते खरं वाटायला लागलंय."

मी दर वर्षी फळ्यावर माणसाच्या पोटाची आकृती काढायचे. जठराखाली लहान आतड्याचा पहिला भाग वळण घेतो आणि मुख्य रक्तवाहिनीवरून, तिला अगदी लागून, आडवा जातो. मुलं ते वळण नेहमी चुकवतात म्हणून मी तिथे दोनदा रेघ ओढायचे. पण त्या जागी रक्तवाहिनीऐवजी कापड असेल तर काय होईल, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. मला तो त्या बाकावर पडला. उत्तर मला नक्की ठाऊक नव्हतं, पण अंदाज आला, आणि मी उठले.

तरुण डॉक्टर दुसऱ्या पेशंटचे कागद चाळत होते. मी सांगत गेले तसे त्यांचे हात थांबले. ते एवढंच म्हणाले की बरं झालं आजच सांगितलंत, आणि लगेच फोन उचलला. दुपारी नानांना स्कॅनला नेलं. दुसऱ्या दिवशी घरी जाण्याचा विषय कुणी काढला नाही, एका नानांशिवाय.

सकाळी डॉक्टर तेरदाळ आले. रक्तवाहिन्यांचे सर्जन. साठीच्या पुढचे, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसून सगळं नानांनाच सांगितलं, आम्हाला नाही. जठरातला व्रण खरा आहे, पण रक्त त्यातून आलेलं नाही. पुण्याला शिवलेली नळी आणि तिच्यावरून जाणारं आतडं, इतकी वर्षं एकमेकांना लागून होती. मधला पडदा झिजत गेला. आता आतड्याला भोक पडलंय आणि ते नळीच्या शिवणीशी जुळलंय. आतड्यातले जंतू कापडात शिरलेत, म्हणून तो ताप.

"कापड कसलं आहे ते?" नानांनी विचारलं.

"पॉलिएस्टरचं."

नानांनी चादरीचं टोक चिमटीत धरून चोळून बघितलं.

"पॉलिएस्टर," ते म्हणाले. "जन्मभर रेशमाशिवाय कशाला हात लावला नाही मी. आणि पोटात हे घेऊन फिरतोय."

डॉक्टर तेरदाळ हसले. "चांगलं टिकतं हो."

"ते तर दिसतंच आहे. पॉलिएस्टर टिकलं आणि तुळशीराम झिजला." मग त्यांनी विचारलं, "पण आता थांबलंय ना रक्त?"

डॉक्टर म्हणाले, थांबलंय, कारण तिथे गुठळी बसली आहे. ती काही तास राहील किंवा काही दिवस. या दुखण्यात पहिल्यांदा येतं ते रक्त थोडं असतं आणि थांबतं. माणूस म्हणतो, सुटलो. दुसऱ्यांदा येतं तेव्हा थांबवायला वेळ मिळत नाही. म्हणून मध्ये जो वेळ मिळालाय तो वापरायचा. जुनी नळी काढायची, आतडं शिवायचं, आणि पायांना रक्त पोचवायला काखेतून कातडीखालून नवी वाट द्यायची. ऑपरेशन मोठं आहे.

"त्यातून मी उठेन याची खात्री?"

"ती मी देत नाही. तुमच्यासारखी माणसं उठलेली मी बघितली आहेत, आणि न उठलेलीही. पण केलं नाही तर काय होईल, त्याची खात्री मी देतो."

मला त्यांचं बोलणं आवडलं. नानांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच डॉक्टरांकडे सरळ पाहिलं. आणि तरी म्हणाले, "पदर उतरला की येतो."

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं. मागावर पैठणी आहे, अंग विणून झालंय, पदर अर्धा राहिलाय. त्यांनी विचारलं, तो दुसरं कुणी विणू शकत नाही का?

मग नाना बोलले, आणि बराच वेळ बोलले. आजारात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. पैठणी एका हाताची असते. आडवा धागा घट्ट बसवायचा फणीचा ठोका प्रत्येक माणसाचा वेगळा, कुणाचा जड, कुणाचा हलका. मध्येच हात बदलला की कापडावर आडवी रेघ येते. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण नेसणारीच्या अंगावर पदर पडला की कळतं, अर्धा एकीकडे ओढतो आणि अर्धा दुसरीकडे. मागच्या वेळी, पुण्याला होते तेव्हा, त्यांच्या धाकट्या भावानं, रघूनं, राहिलेला पदर पुरा केला. नाना घरी आले त्या दिवशी पैठणी मागावरून उतरलेली होती, शेठनं न्यायची होती. त्यांनी ती उजेडात धरून उलटीपालटी करून बघितली. त्यांना जोड सापडला नाही.

"असा हात होता रघूचा," नाना म्हणाले. "माझ्याहून चांगला. मी त्याला दर दिवाळीला म्हणायचो, रघ्या, तुझा ठोका मला दे आणि माझं सगळं घे. तो गेला. आता त्या मागावर बसेल असा माणूस मला माहीत नाही."

सासूबाई खिडकीशी मोसंबी सोलत होत्या. त्यांची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

हेमंत चिडला. तो म्हणाला, एका साडीसाठी जीव घालवणार का, शेठला मी परत पाठवतो सगळं, म्हणावं दुसरीकडून विणून घे. नाना म्हणाले, तू दे पाठवून, आणि सांग की तुळशीरामनं आयुष्यात पहिल्यांदा अर्धी पैठणी परत केली. हेमंत रागानं बाहेर गेला. डॉक्टर उठले. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले, आणि रक्त मागवून ठेवायला सांगून गेले.

त्या दिवशी दुपारपर्यंत प्रत्येकानं आपापल्या परीनं विचारून पाहिलं. हेमंतनं माफी मागून विचारलं. नाशिकच्या चुलत सासऱ्यांनी देवाचं नाव घेऊन विचारलं. नाना सगळ्यांना म्हणत, बघू. ते "नाही" कधीच म्हणत नसत. त्यांच्या "बघू"ला उत्तर देता येत नाही.

शेवटी त्यांनी मलाच विचारलं. "मॅडम, तुमचं शास्त्र काय म्हणतं? माझ्या पोटातलं हे आपोआप नीट व्हायचं किती टक्के?"

"शून्य."

"काहीतरी असेल की. एखादा टक्का."

"नाही, नाना. कापड बरं होत नाही. जिवंत असतं ते बरं होतं."

पुढे घरी आल्यावर एकदा त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना माझं पटलं होतं, पण पटणं आणि उठून उभं राहणं यांत अंतर असतं. भीती वाटत होती का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "मरायची नाही. परत येऊन मागाजवळ उभं राहायचं आणि पदरावरची ती रेघ बघायची, त्याची. मेलो तर निदान ती दुसऱ्यानं बघायची." त्यांनी हे हसत सांगितलं, पण खोटं सांगितलं नव्हतं.

दुपार कलल्यावर त्यांना पुन्हा मळमळलं. या वेळी थोडंच आलं, पेलाभर, गडद. नर्स धावली, रक्ताची पिशवी लावली गेली, नाडी जलद होती ती हळूहळू उतरली. तेरदाळ डॉक्टरांचा निरोप आला की थिएटर तयार आहे, संमती मिळाली की नेऊ. नानांचे ओठ कागदासारखे दिसत होते. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

सासूबाई ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत होत्या. मी पलीकडे सलाइनच्या स्टँडशी होते. हेमंत दाराशी. त्या पुसता पुसता, जणू भाजीला काय करू असं विचारावं तशा आवाजात म्हणाल्या,

"ती पैठणी भावजींनी नव्हती विणली."

नानांनी मान वळवली नाही. "कुठली?"

"तुम्ही पुण्याला होतात तेव्हाची. पदर."

"मग कोणी विणला?"

सासूबाईंनी फडकं पिळलं, पुन्हा घडी घातली. "भावजी आले होते पहिल्या दिवशी. बसले, चार ठोके मारले आणि उठले. म्हणाले, वहिनी, दादाच्या मागावर माझा हात चालत नाही. तुम्हीच बसा, मी कुणाला सांगत नाही."

आता नानांनी मान वळवली. ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग विणकर विणकराला विचारतो तसं, कोरडेपणानं विचारलं.

"मोराच्या गळ्याला काय लावलं होतं?"

"तुम्ही निळं सांगून गेला होतात. निळं रेशीम पुरलं नाही. मागायला गेले असते तर शेठनं विचारलं असतं, हर्नियाला एवढे महिने कसे लागतात. म्हणून गळ्याच्या मध्यापर्यंत निळं ठेवलं आणि खाली हळूहळू जांभळं उतरवलं."

"तो जांभळा," नाना म्हणाले.

"तुम्ही घरी आल्यावर म्हणालात, रघ्याला हे सुचलं कसं."

नानांनी डोळे मिटले. मला वाटलं, पुन्हा त्रास होतोय. मी नाडी धरली. तिला काही झालेलं नव्हतं. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "रघ्या चोर. दर दिवाळीला ऐकून घ्यायचा."

"ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे."

"आणि तू?"

"मी करंज्या तळायचे."

हेमंत दाराशी काहीतरी बोलायला गेला. मी हातानंच थांब म्हटलं.

"ठोका कसा जमला?" नानांनी विचारलं. "मी उजेडात धरून बघितलं होतं. माझाच ठोका होता तो."

"दुसरा कुणाचा येणार? लग्न होऊन आले तेव्हापासून तोच ऐकतेय. तुमच्या शेजारी बसून रेशीम गुंडाळलेल्या तिल्ल्या हातात देते. कुठली मागणार हे तुमच्या आधी मला कळतं." मग म्हणाल्या, "आणि आता सांगतेच आहे तर हेही ऐका. गेल्या संक्रांतीपासून तुम्हाला बारीक दिसत नाही. तुम्ही जेवून पडलात की कोयऱ्यांच्या कडा मी सरळ करते. आत्ताच्या पदरातसुद्धा. तिथंही जोड दिसला नाही तुम्हाला."

बाहेर ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला आणि लांब गेला. मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं. निदान दुखावतील तरी. त्यांच्या हाताखालचं काम त्यांच्या नकळत कुणीतरी उसवून पुन्हा विणलं होतं. पण ते मागाकडे बघत असावेत तसे दिसत होते, मनातल्या मनात पदर उलटापालटा करत, कुठल्या कोयऱ्या आपल्या आणि कुठल्या तिच्या, ते शोधत.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि भावजींचं कौतुक करताना तुम्ही खुशीत असायचात. म्हटलं, कुणाचं का नाव असेना."

"मला वाटायचं, हात बदलला की दिसतं."

"दिसतं की," सासूबाई म्हणाल्या. "हात परका असला तर."

नाना हसले. आवाज नव्हता, फक्त पोट हललं आणि दुखलं म्हणून थांबलं. त्यांनी सलाइन नसलेला हात उचलला आणि सासूबाईंच्या हातातलं फडकं काढून बाजूला ठेवलं. मग त्यांचा पंजा उलटा करून बोटांची टोकं बघितली, एकेक करून, उजेडाकडे वळवून. मी खिडकीकडे बघायला लागले. सुनेनं बघायची ती गोष्ट नव्हती.

"राहिलेल्या मोराला डोळा कसा करणार?" त्यांचा आवाज ऐकू आला.

"काळा नको. करडा घालीन. काळा फार बघतो."

"हं," नाना म्हणाले. "करडाच बरा."

मी वळले तेव्हा तेरदाळ डॉक्टर हेमंतच्या मागे दारात येऊन उभे राहिलेले होते. किती वेळ ते मला माहीत नाही. त्यांनी काही विचारलं नाही. नानांनी त्यांना पाहिलं, सासूबाईंचा हात सोडला, उशीवर थोडे वर सरकले आणि बंडी नीट केली, पाहुण्यांसमोर करावी तशी. पण बोलले ते डॉक्टरांशी नाही.

"हेमंत, शेठला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. हे मला आत घेऊन जायच्या आधी." आमच्या घरात नाना सासूबाईंना "अगं" म्हणत, किंवा "हेमंतची आई". सासूबाईंचं नाव नानांच्या तोंडून मी ऐकलेलं नव्हतं. "सांग त्याला, तुळशीरामचं मोठं ऑपरेशन आहे, आणि तो ते करून घेतोय. हर्निया नाही म्हणावं, तेव्हाही नव्हता. आणि पदर वेळेवर मिळेल. मागावर गोदावरी बसणार आहे."